आईचा मणका, शेजारची भिंत आणि ‘अस्थिर’ हा शब्द

पत्र

मॅडम, स. न. वि. वि.

आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो. आई 62 वर्षांची आहे. तीस-बत्तीस वर्षं मांडीवर सूप घेऊन तिनं विड्या वळल्या. दोन वर्षांपासून कंबर दुखते. चालताना पोटरीत कळ येते, बसलं की थांबते. मागच्या महिन्यात एक्स-रे आणि एमआरआय काढला. कागदावर ‘एल-4 एल-5, ग्रेड 1 लिस्थेसिस, मेकॅनिकल इन्स्टॅबिलिटी’ असं लिहिलंय, आणि त्याच कागदावर वर ‘पेशंट स्टेबल’ असंही लिहिलंय. डॉक्टरांनी गोळ्या, पट्टा आणि फिजिओथेरपी दिली. रोज थोडं थोडं चालवा म्हणाले, सहा आठवड्यांनी बोलावलंय.

त्याच आठवड्यात शेजारचं जुनं माळवदाचं घर एका इंजिनिअरनं पाहिलं. ‘स्ट्रक्चर अनस्टेबल आहे’ म्हणाले आणि दोन दिवसांत ते घर रिकामं झालं. तेव्हापासून आमच्या घरानं धास्ती घेतलीय. भाऊ टॉवेल कारखान्यात लूमचा मेंटेनन्स बघतो. तो म्हणतो, ‘इन्स्टॅबिलिटी आली की मशीन कवाबी बसतंय, आईला हलवू नको.’ भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो ‘बकलिंग’ म्हणतो. तीन आठवडे आई पलंगावर आहे, फक्त बाथरूमला धरून नेतो. ती रडकुंडीला आलीय. रोज विचारते, यंदा मला सिद्धेश्वरांच्या यात्रेतल्या अक्षतेला नेणार का?

शब्द एकच, मग अर्थ किती? आणि आईला उठू द्यायचं का?

— एक मुलगी, सोलापूर

उत्तर

ताई,

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तो थांबू शकत नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना? मग आईंना उठवा. आजच डॉक्टरांना फोन करा, तीन आठवडे झोपवून ठेवलंय हे न लपवता सांगा आणि पुन्हा चालवायला कसं सुरू करायचं ते विचारा. एकदम उभं करू नका. पलंगाच्या कडेला पाय सोडून पाच मिनिटं बसू द्या. चक्कर येत नसेल तर धरून उभं करा, मग खोलीतल्या खोलीत चार पावलं. एका पायाची पोटरी सुजलेली, गरम, दुखरी वाटली किंवा दम लागला, तर चालवणं बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा. फार दिवस पडून राहिल्यानं पायात रक्ताची गुठळी होऊ शकते.

मी डॉक्टर नाही. पॉलिटेक्निकमध्ये अप्लाइड मेकॅनिक्स शिकवण्यात माझी उभी नोकरी झाली. ‘स्थिर’ आणि ‘अस्थिर’ हे शब्द मी फळ्यावर हजारो वेळा लिहिलेत. म्हणूनच तुमचं पत्र वाचून जीव कळवळला. तुमच्या घरात कुणी चुकीचं वागलं नाही. प्रत्येकानं आपापल्या कामातला अर्थ आईच्या पाठीला लावला, आणि त्या तीन अर्थांखाली आई अडकून पडली.

मूळ अर्थापासून निघते. परातीत गोटी टाका. ढकललीत तरी ती हेलकावे खात पुन्हा मध्यावर येते. तीच परात पालथी घालून वर गोटी ठेवा. नीट ठेवली तर क्षणभर राहील, पण नुसती फुंकर मारली की निघाली, आणि जितकी दूर जाईल तितकी आणखी वेगानं जाईल. यांत्रिक स्थैर्य म्हणजे एवढंच: छोटा धक्का बसल्यावर वस्तू परत येते, की त्या धक्क्यालाच वाढवत नेते? गोटी दोन्ही ठिकाणी सारखीच मजबूत आहे. फुटलेली नाही, झिजलेली नाही. अस्थिर आणि कमकुवत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझी मुलं परीक्षेत इथंच सगळ्यात जास्त चुकायची.

तिसरा प्रकार आपल्या रोजच्या जगण्यातला आहे. घागर चुंबळीवर ठेवली की हलक्या धक्क्याला डुलते आणि परत बसते. जोराचा धक्का बसला तर चुंबळीवरून उतरते. ती स्थिर म्हणायची की अस्थिर? धक्का केवढा, हे सांगितल्याशिवाय उत्तरच देता येत नाही. तुमच्या आईच्या कागदावरच्या शब्दातही हीच गोष्ट लिहायची राहिली आहे.

विज्ञानात हा शब्द आणखी लांब जातो. वायू दाबला की त्याचा दाब वाढायला हवा. एखाद्या अवस्थेत दाबल्यावर दाब उलट कमी होत असेल, तर ती अवस्था टिकूच शकत नाही. तिला भौतिकशास्त्रज्ञ यांत्रिकदृष्ट्या अस्थिर म्हणतात. स्फटिकांसाठी मॅक्स बॉर्न यांनी 1940 मध्ये अशाच कसोट्या मांडल्या: स्फटिकाला कुठूनही किंचित तिरका ओढला तरी त्यानं विरोध केला पाहिजे. एका दिशेनं विरोध संपला, की तो आपली रचना मोडून दुसरी घेतो. आणि पेशीच्या आत ज्या सूक्ष्म नळ्या असतात, त्या वाढत वाढत जातात आणि अचानक विरघळतात. मिचिसन आणि किर्शनर यांनी 1984 मध्ये याला ‘डायनॅमिक इन्स्टॅबिलिटी’ असं नाव दिलं. पेशी दुभंगताना त्या नळ्यांची ही चंचलता लागतेच. म्हणजे हा शब्द ऐकल्याबरोबर छातीत धस्स व्हायलाच हवं, असं नाही.

आता शेजारच्या घराकडे वळू, कारण भीती तिथूनच तुमच्या उंबऱ्यात आली.

माळवदाच्या भिंती आपल्याला जाड आणि भक्कम दिसतात. बऱ्याच ठिकाणी त्या आतून एकसंध नसतात. दोन्ही अंगांना दगड आणि मध्ये माती-मुरूम भरलेला. वर लाकडी तुळया, त्यावर माती, आणि गळायला लागलं की पावसाळ्याआधी आणखी एक थर. पन्नास वर्षांत छप्पर किती जड होतं, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. भिंतीत पाणी मुरलं की आतली माती फुगते, दगड बाहेर ढकलते आणि भिंतीला पोट येतं. पोट आलं की वरचं वजन सरळ खाली उतरत नाही, बाजूला पडतं. त्यामुळे भिंत आणखी वाकते, पोट वाढतं, वजन आणखी बाजूला पडतं. पालथ्या परातीवरची गोटी ती हीच: धक्का स्वतःलाच वाढवत नेतो. आणि भिंतीकडे ते थांबवायला काही नसतं. तिला कळत नाही की आपण कलतोय, आणि कळलं तरी ती काही करू शकत नाही. जड छपरं आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती काय करतात, हे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीनं आपल्याला दाखवलं. तो धक्का भूकंपाचा होता, इथं पावसाचा असेल. म्हणून त्या इंजिनिअरनं घर दोन दिवसांत रिकामं करायला लावलं, ते योग्यच केलं. शेजाऱ्यांना सांगा, सामान आणायलासुद्धा टेकू लावल्याशिवाय आत जाऊ नका.

भाचा ‘बकलिंग’ म्हणतो, त्यालाही आधार आहे. प्लॅस्टिकची फूटपट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबायला सांगा त्याला. बराच वेळ काही होत नाही, आणि मग ती एकदम बाजूला बाक काढते. पट्टी चुरडली नाही, तुटली नाही, फक्त सरळ राहायचं सोडून दिलं. हे गणित लिओनार्ड ऑयलर यांनी 1744 मध्ये मांडलं. बारीक, उंच खांबाची लांबी निम्मी केली तर तो चौपट वजनापर्यंत सरळ राहतो. लांबी कमी करायची नसेल तर मध्यावर दोन बाजूंनी आधार द्या, तेच होतं. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये 29 ऑगस्ट 1907 रोजी बांधकाम चालू असलेला पूल कोसळून 75 कामगार गेले. दाबाखालचे भाग वाकून पूल बसला होता, आणि आधीचे काही दिवस ते भाग किंचित वाकलेले लोकांना दिसत होते. काम थांबवायचा निरोप वेळेत पोचला नाही. भाच्याला हे सांगायचं कारण, बकलिंग ‘अचानक’ वाटतं, पण बघणारा डोळा असला तर ते आधी सूचना देतं.

भावाचा अर्थ मात्र थोडा सोडवून घ्यावा लागेल. लूम हादरतो, कारण फणी दर फटक्याला ठोकते. बाहेरून ठराविक ठेका येतो आणि यंत्र त्याला उत्तर देतं. फाउंडेशनचे बोल्ट ढिले असतील तर उत्तर मोठं येतं. हे कंपन आहे, अस्थिरता नव्हे. अस्थिरतेत यंत्र स्वतःच्या हालचालीतून आणखी हालचाल निर्माण करतं. अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल 7 नोव्हेंबर 1940 ला ताशी साठ-पासष्ट किलोमीटरच्या वाऱ्यात पिळवटून पडला. पूल जसा वळे तसा वारा त्याला आणखी वळवे. वारा वादळी नव्हता, ठेकाही देत नव्हता, एकसारखा वाहत होता. भाऊ म्हणतो ते ‘मशीन बसणं’ बहुतेक वेळा झिजलेल्या बेअरिंगचं किंवा ढिल्या बोल्टचं असतं. त्याच्या अनुभवाला मी कमी लेखत नाही. पण लूमला स्नायू नसतात, आणि आईला आहेत. या एका फरकावर तुमच्या पत्राचं सगळं उत्तर उभं आहे.

आपलं सोलापूर हे जगात सगळ्यात चांगलं समजावू शकतं, असं मला मनापासून वाटतं. सिद्धेश्वरांच्या यात्रेतले सात नंदीध्वज तुम्ही लहानपणापासून बघता. पांढऱ्या बाराबंदीतला माणूस ती उंच काठी कमरेवर पेलून चालतो. ती काठी नुसती उभी ठेवा, पडेल. मेकॅनिक्सच्या भाषेत ती पूर्ण अस्थिर आहे, पालथ्या परातीवरच्या गोटीइतकीच. तरीही ती रस्ताभर उभी राहते, कारण खालचा माणूस तिचा कल ओळखतो आणि तिच्या बुडाशी आपलं पाऊल नेतो. स्थैर्य काठीत नाही. काठी, तिच्याखालची ताकद आणि कल ओळखणारी जाण, या तिघांत मिळून आहे.

आणि एक गंमत सांगते, वर्गात सांगितली की मुलं घरी जाऊन करून बघायची. बोटावर पेन्सिल उभी करून बघा, जमत नाही. पण लांब काठी तळव्यावर तोलता येते. तीस फुटांची सरळ काठी किंचित कलली, तर तो कल दुप्पट व्हायला अर्धा सेकंद लागतो. वर वजन असेल तर आणखी थोडा जास्त. पेन्सिलीचा कल सेकंदाच्या चौदाव्या भागात दुप्पट होतो. डोळ्यानं बघून हात हलायला आपल्याला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. म्हणजे पेन्सिल आपल्याला वेळच देत नाही, आणि नंदीध्वज देतो. (अंगात बळ लागतं ते वेगळंच, म्हणून तर यात्रेआधी कितीतरी रात्री सराव चालतो.) अस्थिर वस्तू सावरता येते का, हे तिच्या अस्थिरपणावर जितकं, तितकंच सावरणाऱ्याच्या वेळेवर ठरतं.

आईचा कणा नंदीध्वजाच्या जातीचा आहे, शेजारच्या भिंतीच्या जातीचा नाही.

हे मी उपमा म्हणून लिहीत नाही. 1961 मध्ये ल्यूकास आणि ब्रेस्लर यांनी स्नायू काढून टाकलेला, फक्त हाडं, मणक्यांमधल्या गाद्या आणि हाडांना हाडांशी बांधणारे अस्थिबंध असलेला पाठीचा कणा खाली घट्ट धरून वरून दाबून बघितला. साधारण 20 न्यूटन, म्हणजे दोन किलोच्या आसपास वजनाला तो फूटपट्टीसारखा वाकला. पुढे 1992 मध्ये नुसत्या कमरेच्या भागावर असाच प्रयोग झाला, तो 90 न्यूटनला वाकला, म्हणजे नऊ किलोच्या जवळपास. कमरेच्या वरचं आपलं वजन अंगाच्या निम्म्याच्या आसपास असतं. म्हणजे तुमचा, माझा, नंदीध्वज पेलणाऱ्या त्या दणकट माणसाचा, सगळ्यांचाच कणा स्नायूंशिवाय अस्थिर आहे. त्याला उभं ठेवतात ते स्नायू, तंबूच्या तणाव्यांसारखे. पाठीत खोलवर मल्टिफिडस नावाचे स्नायू आहेत, ते मणक्यामणक्याला धरून असतात. ऑयलरनं सांगितलेला मधला आधार तोच.

येल विद्यापीठातले मनोहर पंजाबी यांनी हे 1992 मध्ये नीट मांडलं. ते मुळात इंजिनिअर, आणि ऑगस्टस व्हाइट या अस्थिशल्यविशारदांबरोबर त्यांनी आयुष्याचा मोठा भाग कण्यावर घालवला. पंजाबी म्हणतात, कणा तीन गोष्टी मिळून धरतात: हाडं-गाद्या-अस्थिबंध, स्नायू, आणि त्या स्नायूंना वेळेवर हुकूम देणारी मज्जासंस्था. एक ढिली पडली तर बाकीच्या दोन काही अंशी भार उचलतात. आईंची पहिली ढिली पडली आहे. बत्तीस वर्षं पुढं वाकून बसणं, वय आणि झिजलेली गादी, हे सगळं त्यात असू शकतं. उरलेल्या दोन आपल्याला कमवायच्या आहेत, आणि पलंगावर नेमक्या त्याच दोन जातात.

2007 साली छापून आलेल्या एका प्रयोगात निरोगी, वयस्क माणसांना 10 दिवस अंथरुणावर ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतलं मांस सरासरी किलोभराच्या आसपास घटलं. आईंचे तीन आठवडे झालेत. मी तुम्हाला दोष देत नाही ताई, तुम्ही तिला जपायलाच निजवलंत. पण पाठीला पट्टा बांधून झोपवणं म्हणजे तंबूचे तणावे सोडून खांबाची काळजी करणं. म्हणून मी एवढं आग्रहानं लिहितेय.

मज्जासंस्थेबद्दलही थोडं. 1996 मध्ये हॉजेस आणि रिचर्डसन यांनी दाखवलं, की निरोगी माणूस हात उचलतो तेव्हा हात हलण्याच्या आधीच पोटाचा एक खोलचा स्नायू आवळला जातो. अंगाला आपोआप कळतं की आता तोल ढळणार. कंबरदुखी असलेल्यांत तो स्नायू उशिरा आवळला जात होता. ताकद असते, पण वेळ चुकते. फिजिओथेरपिस्ट आईंना पोट हलकं आत घेऊन श्वास चालू ठेवायला, मग हात-पाय हलवायला सांगतील. बघणाऱ्याला तो व्यायामच वाटत नाही, ‘एवढ्यानं काय होणार’ असं घरचे म्हणतात. तो वेळेचा सराव आहे. नंदीध्वजाच्या सरावाला आपण कधी म्हणतो का, एवढ्यानं काय होणार?

आता डॉक्टरांच्या कागदावरचे दोन शब्द. वरचं ‘पेशंट स्टेबल’ म्हणजे नाडी, रक्तदाब, श्वास, शुद्ध ठीक आहे. आयसीयूच्या दारात ‘पेशंट अनस्टेबल आहे’ म्हणतात तो याच घरातला शब्द. हृदयाचा ‘अनस्टेबल अँजायना’ तिसरीच गोष्ट आहे. या कशाचाही मणक्याशी संबंध नाही. खालचा शब्द मणक्याचा आहे, आणि त्यातही डॉक्टरांचा अर्थ आम्हा मेकॅनिक्सवाल्यांपेक्षा वेगळा आहे. व्हाइट आणि पंजाबी यांची व्याख्या सोप्या शब्दांत अशी: नस किंवा मज्जारज्जू दुखावू नये, पाठ वाकडी होऊ नये आणि असह्य वेदना होऊ नयेत, इतपत आपली जागा मणके रोजच्या वजनाखाली धरू शकत नाहीत. यात ‘आता कोसळणार’ असं कुठंही नाही. रोजची कामं करताना त्रास होईल इतकी हालचाल, एवढाच त्याचा गाभा आहे.

हाडांच्या डॉक्टरांकडे आणखी एक भेद आहे, तो मला फार आवडतो. सांधा सैल असणं आणि अस्थिर असणं वेगळं. काही मुलींचे खांदे इतके लवचिक असतात की तपासताना सहज सरकतात, पण त्यांना काहीच त्रास नसतो. ते सैल. खांदा हात वर केल्यावर निखळतो, गुडघा जिना उतरताना दगा देतो, ते अस्थिर. सैलपणा तपासणाऱ्याला दिसतो, अस्थिरता ज्याची त्याला जाणवते. म्हणून एकट्या एक्स-रेवर कुणाला अस्थिर ठरवता येत नाही. आईला काय होतं, कधी होतं, हे तिनंच सांगायला हवं, तुम्ही तिच्या वतीनं नाही.

‘ग्रेड 1 लिस्थेसिस’ म्हणजे वरचा मणका खालच्या मणक्यावर पाव भागापर्यंत पुढं सरकलेला आहे. ही पायरी सगळ्यात खालची. पन्नाशीनंतर, बायकांमध्ये जास्त आणि बहुधा याच एल-4 एल-5 वर, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांवर, हे झिजेमुळं होताना दिसतं. सरकलेला मणका सरकतच जाईल असंही नाही. किर्कल्डी-विलिस आणि फारफान यांनी 1982 मध्ये मांडलं, की झिजेच्या वाटेवर आधी बिघाड, मग अस्थिरता, आणि पुढं शरीर स्वतःच तो भाग ताठ करून पुन्हा स्थिर करतं. रिपोर्टात ‘हाडं वाढलीत’ म्हणून लोक घाबरतात, ती वाढ कधी कधी शरीरानं लावलेला टेकू असते. त्यानं नस दबली तर त्रास होतो, हेही खरं.

सहा आठवड्यांच्या भेटीला जाताना एवढं विचारा: उभं राहून, पुढं वाकून आणि मागं ताणून काढलेल्या एक्स-रेत मणका किती मिलिमीटर हलतो? एमआरआय झोपून काढतात, त्यात सरकलेला मणका जागेवर बसलेला दिसू शकतो. किती हललं की अस्थिर म्हणायचं याची रेघ तज्ज्ञ वेगवेगळी आखतात, पण बरेच जण 3 ते 4 मिलिमीटरच्या आसपास धरतात. आईंचा आकडा कळला की ‘अस्थिर’ या शब्दाला एक माप मिळेल. मग विचारा की नस दबली आहे का, कारण चालताना पोटरीत येणारी आणि बसल्यावर थांबणारी कळ नसेची असू शकते, पायाच्या रक्तपुरवठ्याचीही असू शकते. पट्टा दिवसभर घालायचा की फक्त कामाच्या वेळी, हेही विचारून घ्या. ऑपरेशनचं नाव निघालं तर घाबरू नका आणि घाईही करू नका. पायाची ताकद कमी होत असेल, किंवा काही महिने नीट व्यायाम करूनही चालणं आकसत असेल, तर त्याचा विचार होतो. कागदावर ‘इन्स्टॅबिलिटी’ लिहिलंय एवढ्यावर नाही.

काही खुणांना मात्र सहा आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागी, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा येणं, पाऊल लोंबायला लागणं, दोन्ही पायांतलं बळ जाणं. ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारी वेदना किंवा पडल्यानंतर अचानक वाढलेलं दुखणं, हेही लगेच सांगा. घरातल्या प्रत्येकाला हे पाठ करून द्या. भिंतीचं पोट बघायला तुम्ही शिकलात, तसं हे.

घरात थोडे बदल करा. विड्यांचं सूप पुन्हा मांडीवर नको. आईंना हात रिकामे ठेवून करमत नसेल तर टेबल-खुर्चीवर, अर्ध्या तासानं उठत, जमेल तेवढं. घागर, बादली वाकून उचलायची नाही, वळत वळत तर मुळीच नाही. आंघोळीला पाटाऐवजी स्टूल. पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन उठायचं. चालणं रोज, आज चार पावलं असतील तर पंधरा दिवसांत गल्लीच्या टोकापर्यंत. थोडं दुखलं आणि तासाभरात ओसरलं तर चालू ठेवा, दुसऱ्या दिवशीही जास्तच दुखत असेल तर अंतर कमी करा.

आणि अक्षता. गोटीपेक्षा घागरीचा हिशेब इथं लावा: धक्का केवढा? अक्षता जिथं पडतात त्या संमती कट्ट्यापाशी त्या दिवशी चहूबाजूंनी रेटा असतो, माणूस आपल्या मनानं थांबू किंवा वळू शकत नाही. यंदा तो धक्का आईंना नको. पण नंदीध्वजांचा रात्रीचा सराव जवळपासच्या रस्त्यावरून जात असेल तर तिथं न्या. कडेला घराच्या ओट्याजवळ थांबा, टेकायला पाठ असलेली खुर्ची सोबत असू द्या, पट्टा बांधलेला असू द्या. भावाला आणि भाच्यालाही न्या. भाच्याला सांगा, काठीकडे नको, पेलणाऱ्याच्या पावलांकडे बघ. आई खुर्चीतून उठून दोन मिनिटं उभी राहून हात जोडेल, तेव्हा तिला धरायची घाई करू नका, फक्त शेजारी उभे राहा.

एक्स-रेतला तो मिलिमीटरचा आकडा कळला की मला कळवा.